मोजून घ्यायची नदी

अलास्कातली केनाई नदी जिथे कुक इनलेटच्या खाडीला मिळते, तिथल्या वाळूवर जुलैच्या १० तारखेला पहाटेपासून माणसं जमतात. सकाळचे ६ वाजले की ती छातीभर पाण्यात शिरतात. प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याचं गोल जाळं असतं, पाच फुटांपर्यंत रुंद. ते प्रवाहात आडवं धरून उभं राहायचं आणि समुद्रातून वर चढणारा सॅमन आपणहून येऊन त्यात धडकायची वाट बघायची. या प्रकाराला तिथे डिपनेट म्हणतात. पाणी हिमनद्यांचं, गळ्यापर्यंत रबरी पोशाख चढवला तरी तासाभरात पायांची जाणीव जाते. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाला ढकलत नाही. मासा लागला की माणूस जाळं ओढत उलट्या पावलांनी काठाकडे येतो आणि त्याची जागा शेजारचा तेवढ्यापुरती मोकळी ठेवतो.

दादा आणि वहिनी पाण्यात होते. मी वाळूवर. डिपनेटचा हक्क फक्त अलास्काच्या रहिवाशाला आहे, आणि रहिवासी ठरायला तिथे सलग वर्षभर राहावं लागतं. पाहुण्याने जाळ्याला हात लावायचा नाही. घराच्या प्रमुखाला हंगामाला २५ मासे, घरातल्या बाकीच्या प्रत्येक माणसामागे १०. दादाच्या घरी तिघं, म्हणून त्यांचा वाटा ४५. मासा बाहेर आला की वहिनी आधी कात्रीने त्याच्या शेपटीची दोन्ही टोकं कापायची, मग परवान्यावर नोंद करायची, आणि मगच तो बर्फाच्या पेटीत जायचा. टोकं कापलेला मासा विकता येत नाही. बाजारात कुठेही दिसला तरी तो कुणाच्या तरी घरच्या ताटासाठी धरला होता हे त्याची शेपटी सांगते. हा हंगाम ३१ जुलैला संपतो. ज्याने वाटा भरला त्याने जाळं गुंडाळायचं.

मी रायगडातल्या एका नदीकाठच्या गावात वाढलो. पाण्यातून मासा काढताना मोजायचा असतो, ही गोष्ट मी तिथे कधी पाहिली नव्हती.

दादा माझा चुलतभाऊ. नोकरीसाठी गेला तो केनाई द्वीपकल्पावरच स्थिरावला. १९५७ साली स्वॉन्सन नदीच्या परिसरात तेल सापडलं, तेव्हापासून या भागात तेल आणि वायूच्या विहिरी आहेत, आणि दादासारखे इंजिनियर त्यांच्या आधाराने येतात. स्टर्लिंगच्या बाजूला त्याने जमिनीचा एक तुकडा घेतला होता. मागच्या अंगाला लहानसा ओढा, भोवती स्प्रूसची झाडं. तिथे त्याला ओंडक्यांची केबिन स्वतःच्या हातांनी बांधायची होती. मी नोकरीतून मोकळा झालो त्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "तू ये रे. पैसे देऊन माणसं मिळतील, पण मला आपलं माणूस हवंय," एवढंच म्हणाला. मेअखेर मी तिथे पोचलो.

उत्तरेकडचा उन्हाळा मी पुस्तकात वाचला होता, अंगावर घेतला नव्हता. जूनच्या मध्यावर तिथे जवळपास १९ तासांचा दिवस असतो आणि उरलेल्या वेळातही खरा अंधार होत नाही. रात्री दहाला लोक हातोडा चालवत असतात. लहान मुलं अकराला सायकली फिरवतात. सगळ्यांना एकच घाई, कारण सप्टेंबर सरता सरता दार लागतं. पहिल्या आठवड्यात मला झोप येईना. नंतर अंग इतकं दमू लागलं की उजेडात झोपायची सवय आपोआप झाली.

आमची झाडं मेलेली होती. तोडायच्या आधीच, उभ्या उभ्या. स्प्रूसची साल पोखरणारा एक भुंगेरा तिथे आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. मादी सालीखाली शिरते, सालीला समांतर लांब बोगदा खणते आणि त्यात अंडी घालते. अळ्या बाहेर पडल्या की झाडाचा अन्नरस वाहून नेणारा थर खातात. झाड गळा आवळल्यासारखं मरतं. हा भुंगेरा या जंगलात पूर्वीपासूनचा. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उन्हाळे लागोपाठ उबदार झाले. ज्याला वाढायला दोन वर्षं लागत, त्याची पिढी एका वर्षात पुरी होऊ लागली. १९९० च्या दशकात एकट्या केनाई द्वीपकल्पावर दहा लाख एकरांहून जास्त जंगल असं गेलं. २०१६ च्या सुमारास दक्षिण-मध्य अलास्कात दुसरी लाट उठली, ती फिरून इथेही आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करड्या, निष्पर्ण खोडांच्या रांगा बघत जावं लागतं. मेलेलं झाड उभं राहिलं तर वणव्याला सरपण, कापलं तर कुणाची तरी भिंत. दादाने ठरवलं होतं की जिवंत झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.

जिवंत झाडाची साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला, रस चढलेला असताना, लांब पट्ट्यांनी सुटते. मेलेल्या झाडाची तशी सुटत नाही. दोन मुठींची सुरी अंगाकडे ओढत एकेक फूट खरवडावी लागते. सालीच्या आतल्या बाजूवर भुंगेऱ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा दिसत, आणि लाकडावर निळसर डाग. त्या किड्यांबरोबर आलेल्या बुरशीचा तो रंग. साल काढताना मी त्या नक्षीकडे पुष्कळ वेळ बघत बसे. दादा काही बोलत नसे. त्यालाही ती बघायची असे.

ओंडक्यांचं घर रचणं हे विटांच्या कामासारखं अजिबात नाही. वीट सगळी सारखी. ओंडका एकही दुसऱ्यासारखा नसतो. एका टोकाला बुंधा जाड, दुसऱ्याला शेंडा बारीक, मध्ये पाठ वाकलेली, गाठी आलेल्या. म्हणून एका थरात बुंधा जिकडे, त्याच्या वरच्या थरात शेंडा तिकडे, असं आलटून पालटून चढवत जायचं, म्हणजे भिंत एका बाजूला उतरत नाही. वरचा ओंडका खालच्यावर नुसता ठेवायचा, लोखंडी आकड्यांनी अडकवायचा आणि मग कंपासासारखं एक हत्यार दोघांच्या मधून सरकवत न्यायचं. खालच्या ओंडक्याचा प्रत्येक उंचवटा आणि खड्डा वरच्याच्या पोटावर पेन्सिलीने उमटतो. मग वरचा उतरवायचा, उलटा करायचा आणि त्या रेघेपर्यंत त्याच्या पोटात लांब खोबण कोरायची. कोपऱ्यावर खोगिरासारखी खाच. पुन्हा चढवायचा. नीट जमलं तर दोन ओंडक्यांमध्ये पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही. खोबणीत लोकरीसारखा थर भरायचा, म्हणजे हिवाळ्याचा वारा आत येत नाही.

हे आम्हाला शिकवलं शेजारच्या म्हाताऱ्याने. आयुष्यभर कुक इनलेटच्या पूर्व किनाऱ्यावर जाळी लावून मासेमारी केलेला माणूस. स्वतःचं घर त्याने तरुणपणी असंच बांधलं होतं. सांगायची त्याची पद्धत अशी की तो तोंडाने फार कमी सांगे; मी चुकीची रेघ ओढू लागलो की माझ्या मनगटावर नुसतं बोट ठेवी. आमच्या गावच्या सुताराची मला फार आठवण येई. त्याचा वाकस, ओळंबा आणि गुण्या आमच्या पडवीत पडलेले असत आणि पोरांनी हात लावला तर तोही असंच बोट ठेवी. या दोन माणसांची भेट झाली असती तर दुभाष्याशिवाय त्यांचं काम चाललं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हाताऱ्याने एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली. ओंडक्यांचं घर बसतं. लाकूड वाळत जातं, आक्रसतं, आणि आठ फुटांची भिंत काही वर्षांत काही इंचांनी खाली येते. मेलेलं, वाळलेलं लाकूड कमी बसतं, पण बसतंच. म्हणून दार-खिडकीच्या चौकटीवर मोकळी फट ठेवायची आणि वरून पट्टीने झाकायची. ती ठेवली नाही तर वरच्या भिंतीचं ओझं काचेवर येतं. ओसरीच्या खांबाखाली फिरवायचे लोखंडी जॅक बसवायचे, कारण खांब आक्रसत नाही आणि भिंत आक्रसते. आम्ही रायगडात घराला पक्कं म्हणतो ते न हलणारं घर. इथे हलण्याची सोय आधीच केलेली असली तरच घर टिकतं. मला हे शहाणपण फार आवडलं.

अलास्कात केबिन म्हटलं की लोक रिचर्ड प्रोनेकी या माणसाचं नाव घेतात. कुक इनलेटच्या पलीकडे, ट्विन लेक्स या तळ्यांच्या काठी, १९६८ साली पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाने एकट्याने, साध्या हत्यारांनी घर बांधलं. बरीचशी हत्यारं तो नुसत्या पात्यांच्या रूपात घेऊन गेला आणि दांडे तिथेच लाकडाचे केले. दाराच्या बिजागऱ्याही लाकडाच्याच. स्वतःचं काम तो स्वतःच कॅमेऱ्यावर टिपत असे. जवळजवळ तीस वर्षं तो तिथे राहिला. त्याचं घर आज लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात जपलेलं आहे. स्वच्छ दिवशी आमच्या बाजूच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे रिडाउट आणि इलियाम्ना हे बर्फाने झाकलेले ज्वालामुखी दिसत, तेव्हा दादा त्या दिशेला हात करून म्हणायचा, "त्या डोंगरांच्या मागे कुठेतरी." त्याच्या आवाजात तेव्हा आमच्या आजीचा पंढरपूरचं नाव घेतानाचा सूर येई.

पण प्रोनेकीच्या गोष्टीत एक उणीव मला सारखी जाणवत राहिली. ती अशी सांगितली जाते की जणू तिथे त्याच्याआधी कुणी घर बांधलंच नव्हतं. केनाईच्या वरच्या अंगाला, कूपर लँडिंगजवळ रशियन नदी केनाईला मिळते, तिथे एका रविवारी वहिनी मला मुद्दाम घेऊन गेली. जंगलातून लाकडी फळ्यांची वाट जाते आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना जमिनीत खळगे दिसतात. शेवाळ चढलेले, आत झाडं उगवलेली. ते इथल्या मूळच्या देनाइना लोकांच्या घरांचे अवशेष. निम्मं घर जमिनीत, वर ओंडक्यांच्या भिंती. बाजूचे लहान खड्डे मासे साठवायचे. भूर्जाची साल आणि गवत यांचं अस्तर लावून वाळवलेला सॅमन त्यात हिवाळ्यासाठी ठेवत. या नदीला ते काह्तनू म्हणतात. ही जागा आज केनाइत्झे या त्यांच्याच जमातीचे लोक सांभाळतात आणि पाहुण्यांना हिंडून दाखवतात. पीटर कालिफोर्न्स्की हा त्यांच्यातला लेखक १९११ साली जन्मला. साठी ओलांडल्यावर त्याने आपली भाषा लिहायला घेतली, कारण ती बोलणारे मोजके उरले होते. माशाची हाडं पाण्यात परत सोडायची, म्हणजे मासा पुन्हा जन्म घेऊन येतो, अशी या लोकांची रीत.

अमेरिकेने ही भूमी १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरला घेतली. ज्यांची घरं त्या खळग्यांवर उभी होती, त्यांना त्या व्यवहारात कुणी विचारलं नाही. पुढे जमीन कसणाऱ्याला ती फुकट द्यायचा होमस्टेड कायदा इथे देशात सगळ्यात उशिरापर्यंत, १९८६ पर्यंत, चालला. आमचा म्हातारा शेजारी त्याच ओढीने आलेल्यांपैकी. आणि दादा, आणि मी. त्या फळ्यांच्या वाटेवर उभं राहून आपल्या हातांना आलेल्या घट्ट्यांचा अभिमान वाटून घेणं मला जमलं नाही. घर बांधणं थांबवावं असंही वाटलं नाही. फक्त त्यानंतर ओंडक्याला खाच पाडताना, हे काम या काठावर कितव्यांदा चाललंय, हा विचार मागे असे.

अलास्कात सॅमनच्या पाच जाती येतात आणि तिथली पोरं त्या हाताच्या बोटांवर शिकतात. पुतणीने मला शिकवल्या. अंगठा म्हणजे चम, कारण इंग्रजीत त्याच्याशी यमक जुळतं. तर्जनी सॉकाय, कारण त्या बोटाने डोळा फोडता येतो. मधलं सगळ्यात मोठं, म्हणून किंग. अंगठीचं बोट सिल्व्हर, चांदीचं. करंगळी पिंक. "काका, पुन्हा म्हणून दाखव," करत तिने माझ्याकडून ते घोटून घेतलं. सॉकायलाच सगळे रेड म्हणतात, आणि जुलैत केनाईत चढतो तो तोच.

गळाने मासे धरायचा परवाना मात्र पाहुण्यालाही मिळतो. संध्याकाळी काम संपलं की मी नदीवर जाई. केनाईचं पाणी निळं-हिरवं, दुधाळ. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. आत काही दिसत नाही. रेड मासा प्रवाहाचा जोर टाळायला काठाला धरून चढतो, म्हणून लांब गळ फेकायची गरजच नसते. शिवाय तो काही खात नाही. गोड्या पाण्यात शिरला की त्याचं खाणं बंद होतं, पुढचा सगळा प्रवास साठवलेल्या चरबीवर. तोंड उघडमीट करत तो पुढे जात असतो. तळाशी वजन लावलेली दोरी प्रवाहासोबत वाहू द्यायची, ती त्याच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ जबड्याला लागतो. तोंडाबाहेर कुठेही लागला तर मासा सोडून द्यायचा, हा नियम. दिवसाला साधारण तीन. नदीत फार चढले तर मासेमारी खातं मर्यादा वाढवतं, कमी चढले तर बंदी घालतं, आणि हे हंगामाच्या मध्यावरही होतं.

किती चढले हे कळतं कसं, तर नदीच्या मुखापासून १९ मैलांवर पाण्यात सोनार लावलेलं आहे. गढूळ पाण्यात ध्वनिलहरी सोडून जाणारा प्रत्येक मासा मोजतात. रोजचा आकडा जाहीर होतो. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर लोक एकमेकांना विचारत असतात, काल किती चढले? आपल्याकडे धरणातल्या पाण्याचा साठा पावसाळ्यात जसा विचारतात तसं. जुलैत सुरू होणाऱ्या हंगामात दहा लाखांच्या वर रेड मासे अलीकडे दर वर्षी सोनारसमोरून जातात. एवढे मासे धरून, खाऊन, विकूनही ते चढतात, कारण इतके चढल्याशिवाय धरू द्यायचे नाहीत हे आधी ठरलेलं असतं.

काठांचीही काळजी तशीच. सोल्डोत्नात नदीच्या कडेने लोखंडी जाळीचे फलाट आहेत. त्यांच्यावरून चालायचं, त्यांच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरायचं. जाळीतून ऊन खाली जातं आणि गवत जगतं. काठावरच्या झुकलेल्या गवताच्या सावलीत किंग सॅमनची पिल्लं राहतात, म्हणून गवत तुडवायचं नाही. सॅमन येतो त्या पाण्यापासून ५० फुटांच्या आत बांधकाम करायचं तर आधी परवानगी लागते. आमच्या ओढ्यात सिल्व्हर चढतात. दादाने टेप धरून पन्नास फूट मोजले आणि त्याच्याही मागे केबिनचा पहिला खांब रोवला. घर ओढ्याला लागून असतं तर खिडकीतून पाणी दिसलं असतं, असं मी म्हणालो. "पिल्लांनाही आपण दिसलो असतो," वहिनी म्हणाली.

या सगळ्यात मला आमची वलगण आठवत राहिली. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की नदीतले मासे ओढ्यातून, बांधावरून, भाताच्या खाचरांत चढतात. शिवडा, खवल, वाम, मळे. पोटं गाभोळीने फुगलेली. रात्री बत्त्या घेऊन सगळा गाव ओढ्यावर लोटायचा. पाग, टोपल्या, काठ्या, कोयते, जे हाती येईल ते. मी लहानपणी त्या गर्दीत होतो आणि त्या रात्रींइतका आनंद मला नंतर फार थोड्या गोष्टींनी दिला. समुद्रात पावसाळ्यात दोन महिने यांत्रिक होड्यांना बंदी असते, नारळी पौर्णिमेआधी दर्यात न उतरण्याची कोळ्यांची जुनी रीत तर सगळ्यांना ठाऊक आहे. ओढ्याला मात्र अशी रीत आमच्या गावात नव्हती. वरच्या अंगाला बंधारे आले, कारखान्यांचं पाणी आलं, शेतात औषधं आली. आता पहिल्या पावसात बत्त्या निघतात त्या सवयीने. अंडी घालायला निघालेला मासा दोन्ही ठिकाणी तोच, त्याची घाई तीच. त्याच्या वाटेत उभं राहणाऱ्या माणसांनी आपसात काय ठरवलंय, यावर त्याचं पुढचं वर्ष अवलंबून. हे माझ्या गावाला कळायला हवं होतं, आणि मलाही, हातात पाग होता तेव्हा.

अलास्कात सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. रेड भरपूर, पण किंग संपत चालले आहेत. १९८५ साली याच नदीत गळाला ९७ पौंडांचा किंग लागला होता. गळाने धरलेल्या किंगमध्ये तो आजही जगातला सगळ्यात मोठा मानतात. २०२३ साली किंग इतके कमी आले की नदीत त्यांची मासेमारी बंद झाली. रेड धरायला किनाऱ्यावर लावलेल्या जाळ्यांत किंगही अडकतात, म्हणून पूर्व किनाऱ्यावरची जाळीही त्या हंगामात पाण्यात उतरली नाहीत. म्हाताऱ्याची जाळी तेव्हापासून शेडमध्ये टांगलेली. मासे समोरून लाखांनी चढतात आणि तो काठावर बसून बघतो. रागावला आहेस का, असं मी त्याला विचारलं. "मोजणाऱ्यांवर रागावून काय करू? मोजलं नसतं तर मला कळलंच नसतं," तो म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ समुद्रात काय बिघडलंय यावर बोलत राहिला. पाणी तापलंय, तिथलं खाणं बदललंय, मोठे किंग परतेनासे झालेत, आकारानेही घटलेत. उत्तरेकडे युकॉन नदीवर तर अवस्था आणखी वाईट. २०२४ साली अलास्का आणि कॅनडाने मिळून तिथले किंग सात वर्षं धरायचेच नाहीत असं ठरवलं. त्या काठावरच्या गावांचं हिवाळ्याचं अन्न म्हणजे हाच मासा. मासे सुकवायच्या मांडवांत मुलांना सुरी धरायला शिकवायची ती सात वर्षं रिकामी जातील. मोजणी नदीवर चोख झाली तरी तापणाऱ्या समुद्रावर केनाईतल्या माणसाचा हात चालत नाही, आणि भुंगेऱ्याने मारलेली आमची झाडंही त्याच उबेची.

वाट्याचे ४५ मासे घरी आणल्यावर दोन रात्री झोप नव्हती. वाळूवरच साफ केलेले मासे पुन्हा धुवायचे, कापायचे, काटे काढायचे. काही तुकडे मीठ आणि गुळसर साखरेत मुरवून, वाऱ्यावर वरची चकाकी येईपर्यंत सुकवून, आल्डरच्या धुरात ठेवले. काही काचेच्या बरण्यांत भरून प्रेशर कुकरमध्ये १०० मिनिटं. वहिनीने तिरफळं गावाहून मागवून ठेवली होती. बांगड्याच्या तिखल्यासारखंच, ओला नारळ, मिरची आणि कोकम घालून तिने रेडचं कालवण केलं. सॅमन तेलकट, म्हणून तिरफळाचा झटका त्याला छान पेलतो. म्हाताऱ्याने तीनदा वाढून घेतलं आणि ते काळं फळ जीभ बधिर का करतं ते पुतणीला समजावायला लावलं. डोकी आणि काटे आम्ही परत नदीच्या जोराच्या प्रवाहात टाकले, बारीक तुकडे करून, कारण एका जागी ढीग पडला तर अस्वलं येतात. सरकारी फलकावर तसंच करायला सांगितलेलं आहे. देनाइनांची रीत तिथे लिहिलेली नाही, पण हाडं पाण्यात जातात ती तशीच.

अस्वलांमुळेच मला त्या उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली. तपकिरी अस्वलं ओढ्यातून सॅमन उचलून जंगलात नेतात, अर्धवट खातात, बाकी टाकतात. मासा समुद्रात वाढलेला. त्याच्या अंगातला नायट्रोजन समुद्राचा, आणि प्रयोगशाळेत तो वेगळा ओळखू येतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच केनाई द्वीपकल्पावरच्या स्प्रूसची पानं तपासली होती. सॅमनच्या ओढ्यापासून ५०० मीटरपर्यंतच्या झाडांच्या पानांतला १५ ते १८ टक्के नायट्रोजन माशांमधून आलेला निघाला, आणि त्यातला बहुतेक अस्वलांनी पसरवलेला. आमचे ओंडके त्या अंतराच्या आतले. म्हणजे ज्या भिंती आम्ही रचत होतो त्यांच्यात कितीतरी वर्षांपूर्वी वर चढून मेलेले मासे होते. सॅमन अंडी घालून मरतो. त्याचं शरीर आधी ओढ्यातल्या किड्यांना, मग पिल्लांना, मग झाडाला जातं. पिल्लू दगडगोट्यांतून बाहेर येतं, रेड असेल तर तळ्यात वर्ष-दोन वर्षं काढतं, समुद्रात दोन-तीन. आणि मग जन्माच्या पाण्याचा वास ओळखून परत. या वासाचा शोध आर्थर हॅसलर या शास्त्रज्ञाने विस्कॉन्सिनमध्ये घेतला, १९५० च्या दशकात. हे वाचून मी दुसऱ्या दिवशी साल खरवडायला बसलो तेव्हा मला त्या लाकडाशी जरा हळू वागावंसं वाटलं.

ऑगस्टमध्ये पाऊस लागला. आढं चढवलं, वासे बसवले, पत्रे ठोकले. वळचण म्हाताऱ्याच्या हट्टाने तीन फुटांची ठेवली, कारण ओंडक्याला खरा धोका थंडीचा नाही, भिंतीवर मारणाऱ्या पावसाचा. फायरवीडचे गुलाबी तुरे तळापासून वर फुलत शेंड्याला पोचले होते. शेंडा फुलला की उन्हाळा सरला, असं तिथे म्हणतात. ओढ्यात सिल्व्हर येऊ लागले. त्यांना आम्ही गळ लावला नाही, दादाचं तसं ठरलं होतं. दाराची चौकट बसली त्या आठवड्यात मी निघालो.

पहिला हिवाळा सरल्यावर दादाने मोजलं. खिडकीवरची फट अर्ध्या इंचाने कमी झाली होती. ओसरीचे जॅक त्याने तेवढे उतरवले. पुढच्या उन्हाळ्यात पायऱ्या आणि लाकडाची शेड करायची आहे, त्यासाठी वाळलेली चार झाडं खुणा करून ठेवली आहेत. पाचवं, सगळ्यात सरळ, वाऱ्याने ओढ्यात आडवं पडलंय. ते मात्र काढायचं नाही असं त्याने आणि वहिनीने ठरवलंय. पडलेल्या खोडामागे पाणी संथ होतं आणि सिल्व्हरची पिल्लं हिवाळाभर तिथे थांबतात. शेडला एक ओंडका कमी पडला तर छप्पर फूटभर आखूड करू, असं तो फोनवर म्हणाला, आणि लगेच नव्या मापाचा हिशोब सांगायला लागला.